फोनला मुलाचं खरं वय सांगा, मग कुलूप लावा

प्रश्न : नमस्कार ताई. मी सिडकोत राहते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट बदलती असते, मी मेनरोडला दुकानात कामाला, घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. मुलगा सातवीत आहे, बारा पूर्ण झाले, तेरावं चालू आहे. क्लासचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो म्हणून दिवाळीत त्याला फोन घेऊन दिला, दुकानदारानेच सगळं चालू करून दिलं, माझाच जीमेल टाकून. आता दिवसभर इन्स्टाग्राम नाहीतर स्नॅपचॅट. मी दोनदा ॲप उडवलं, तो परत टाकतो. फोनमधला टायमर लावला तर स्वतःच काढून टाकतो. फोन कपाटात ठेवला तर सासूबाईंच्या फोनवर रील्स बघत जेवतो, त्या म्हणतात बघू दे, दोन घास जास्त तरी जातात. रागावून झालं, एकदा हातही उचलला, मग मीच रात्रभर रडले. कुठलं ॲप टाकलं की हे बंद होईल तेवढं सांगा.
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ॲपचं नाव सांगतेच, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, "माझाच जीमेल टाकून". सगळं घोडं तिथंच अडलंय. तुमच्या खात्यावर चालतो म्हणून तो फोन एका मोठ्या बाईचा आहे असंच गूगल धरून चाललंय, मग प्ले स्टोअर कशाला अडवेल त्याला, आणि टायमरचं म्हणाल तर तो मोठ्या माणसाने स्वतःला आवर घालायला दिलेला असतो, बहुतेक फोनमध्ये त्याला पासवर्डच नसतो, ज्याच्या हातात फोन तो काढू शकतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, तिघांच्याही नियमात किमान वय 13 आहे, आणि तेरावं लागलं म्हणजे तेरा पूर्ण नव्हे, म्हणजे तुमचा मुलगा तिथं खोटं जन्मसाल टाकूनच शिरलाय. मुलं हे सर्रास करतात, त्याला चोर ठरवू नका, पण दुरुस्ती मात्र तिथूनच सुरू करा.

आता काय करायचं ते. एखादा रविवार काढा आणि त्याला शेजारी बसवूनच करा. आधी त्याचे फोटो, शाळेच्या फाइली कुठंतरी उतरवून घ्या. मग तुमच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक टाका, मुलाचा फोन पालकांच्या हातात ठेवणारं ॲप आहे ते, फुकट आहे. त्यातून त्याचं नवीन खातं काढा आणि जन्मतारीख खरी टाका, तेराच्या आतलं वय टाकलं की ते आपणहून पालकाच्या खात्याला जोडलं जातं. मग त्याचा फोन पूर्ण रिसेट करून फक्त नव्या खात्याने चालू करा. तुमचा जुना जीमेल त्यात अजिबात राहता कामा नये, राहिला तर तो प्ले स्टोअरमध्ये खातं बदलून हवं ते उतरवणार आणि तुमची सगळी मेहनत वाया.

एवढं झालं की प्ले स्टोअरवरचं कुठलंही नवीन ॲप, फुकटचं असलं तरी, तुमच्या परवानगीशिवाय येणार नाही अशी सेटिंग करता येते. बऱ्याच आया इथंच चुकतात बघा, एकेक ॲप बंद करत बसतात, आज इन्स्टा उद्या आणखी काही, संपतच नाही ते, त्यापेक्षा दुकानाचं शटरच आपल्या हातात घ्या. पण मागच्या खिडक्याही बंद करायला हव्यात. इन्स्टाग्राम नुसत्या क्रोममध्येही उघडतं, म्हणून फॅमिली लिंकमध्ये जाऊन ती साइट ब्लॉक करा आणि दुसऱ्या कुठल्या ब्राउझरला परवानगी देऊ नका. मित्र एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये टाकायची फाइल पाठवतात, ती टाकली की प्ले स्टोअरला विचारायचा प्रश्नच येत नाही, म्हणून अनोळखी ठिकाणची ॲप्स टाकायची सोय तिथंच बंद करून ठेवा. यूट्यूबला दिवसाची वेळ ठरवून द्या. रात्री साडेनऊनंतर फोन आपोआप लॉक होईल असंही लावता येतं. क्लासचा ग्रुप तुमच्या नाहीतर मिस्टरांच्या फोनवर घ्या आणि अभ्यास वहीत उतरवून द्या, थोडा त्रास होईल, पण फोन हातात असायला तेच एक कारण आहे ना त्याच्याकडे.

सासूबाईंचं जरा जपून घ्या. चार ते साडेआठ घर त्याच सांभाळतात, त्यात दमतातही, मूल गप्प बसून जेवतंय हे त्यांना बरं वाटणारच. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही. त्यांच्या फोनला बोटाच्या ठशाचं लॉक लावा, पॅटर्न नको, पॅटर्न मुलं लांबून बघून पाठ करतात. बऱ्याच फोनमध्ये ॲप लॉक असतं, रील्सवाली ॲप्स त्यात टाका म्हणजे त्यांचे फोन आणि व्हिडिओ कॉल मोकळे राहतील. आणि चार ते साडेआठ त्याने करायचं काय, हेही ठरवावं लागेल तुम्हाला, नाहीतर कुलूप कितीही चांगलं असो, तो रिकामा वेळ त्याला खायला उठणार. संभाजी स्टेडियम तुमच्यापासून लांब नाही, आठवड्यातून तीन संध्याकाळी तरी तिथं जाऊ दे. वाचायची थोडीफार गोडी असेल तर सार्वजनिक वाचनालयात नाव घाला, 1840 सालचं वाचनालय आहे आपल्या गावात आणि तुम्ही तर रोज मेनरोडला जाताच, पुस्तक बदलून आणणं तुम्हालाही जमेल.

नियम मोठ्यांनाही लावा. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव ऐकलं असेल, 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात कारण त्या वेळात समोर मोठं माणूसही स्क्रीन घेऊन बसलेलं नसतं. तुमच्याकडे सातला जमणार नाही, तुम्ही घरी आल्यावर नऊ ते दहा ठेवा, मिस्टर घरी असतील त्या आठवड्यात त्यांचाही फोन बाजूला.

हात उचलल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून माझ्या घरातलं सांगते. माझ्या बहिणीच्या मुलाचा फोन आम्ही त्याला न सांगता लॉक केला होता. त्याने मित्राच्या फोनवर दुसरं खातं काढलं, चार महिने आम्हाला पत्ता नाही, आणि तिथं कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्याकडे फोटो मागायला लागला. पोरगं घाबरून गेलं होतं, तरी बोललं नाही, का तर सांगितलं तर मार बसेल. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून लपून काही लावू नका, काय बंद करतोय, का करतोय आणि कधी उघडू ते त्याच्या तोंडावर सांगा, आणि हेही सांगा की कुणी फोटो मागितले, धमकी दिली, तर आधी आईला सांगायचं, शिक्षा होणार नाही. तसं काही घडलंच तर चॅट पुसून टाकू नका, सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे.

प्रश्न : मुलगी पंधराची, दहावीत. काकाने जुना आयफोन दिलाय, त्यात इन्स्टाग्राम आहे. ऑस्ट्रेलियात सोळाच्या आत बंदी आली म्हणे, मग मीही बंदच करून टाकू का?
— एक वडील, नाशिकरोड

उत्तर : दादा, ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून ते लागू झालंय, खरंय, पण तिथं खाती बंद ठेवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आईवडिलांवर नाही. पंधराच्या मुलीचं चालू खातं एका रात्रीत उडवलंत तर ती दुसरं काढेल आणि ते तुम्हाला दिसणारही नाही, मला तरी हा मार्ग पटत नाही. आधी तिच्या खात्यातलं जन्मसाल बघा. खरं असेल तर ते टीन अकाउंट असतं, भारतात ही सोय फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाली. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसांचे मेसेज येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. साल खोटं टाकून वय अठराच्या वर दाखवलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून ते तिच्यासोबत बसून दुरुस्त करा.

मग आयफोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम आहे, तिथं इन्स्टाला रोजची वेळ घाला, परीक्षेच्या दोन महिन्यांत ती किती कमी करायची ते तिलाच विचारून ठरवा. स्क्रीन टाइमचा कोड वेगळा असतो, फोन उघडायचा तोच ठेवू नका, आणि तिची जन्मतारीख तर नकोच, तो आकडा ती सगळ्यात आधी टाकून बघेल.