एवढीशी पाणबुडी लढली तरी कशी?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे हेलसिंकीला गेलो होतो. तिथल्या सुओमेनलिन्ना बेटावर जमिनीवर ठेवलेली ‘वेसिक्को’ ही पाणबुडी पाहिली. चार एसटी गाड्या एकामागे एक लावल्या तर तिच्याहून लांब भरतील! ही खरंच युद्धात लढली, की नुसती शोभेची होती? आणि अशी एकच का उरली? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : शोभेची मुळीच नव्हती. मी नौदलात विशाखापट्टणमला फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुड्यांवर नोकरी केली. आमची बोट ९१ मीटर लांब, वर पंचाहत्तरएक माणसं, तरी झोपायची जागा पाळीपाळीने वापरायचो. वेसिक्को ४१ मीटरची, पाण्यावर असताना वजन जेमतेम २५० टन, आणि माणसं वीसच्या आसपास. मी ती पाहायला गेलो तेव्हा पुढच्या टॉर्पेडोच्या, म्हणजे पाण्याखालून सोडायच्या पाणतीरांच्या, खोलीतच बराच वेळ थांबलो. टॉर्पेडोच्या तीन नळ्या, आणि त्याच खोलीत झोपायचे बंक. ज्याने पाणबुडीवर एक रात्र काढली आहे त्याला तिथे उभं राहिलं की डिझेलचा तो अंगात मुरलेला वास आठवतोच. दोन धुण्यांत जात नाही तो.

तिचा जन्मही चोरून झालेला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला पाणबुड्या बांधायला बंदी होती. म्हणून जर्मनांनी हॉलंडमध्ये कंपनी थाटून आराखडा केला आणि बोट फिनलंडच्या तुर्कू बंदरात बांधली. १९३३च्या मे महिन्यात ती पाण्यात उतरली. जर्मनांनी तिच्यावर आपले खलाशी तयार केले, चाचण्या घेतल्या, आणि त्यातूनच पुढे त्यांच्या टाइप दोन जातीच्या किनारी पाणबुड्या निघाल्या. १९३६ मध्ये फिनलंडने बोट विकत घेतली. वेसिक्को म्हणजे तिकडचा एक लहान पाणथळ प्राणी, आपल्या पाणमांजराच्या भाऊबंदांतला. त्यांच्या सगळ्यात धाकट्या पाणबुडीचं नाव तर सौक्को, म्हणजे पाणमांजरच.

लहान का, तर फिनलंडचं आखात उथळ आहे. सरासरी खोली ४० मीटरही नाही. आमच्या बोटीला तिथे बुडी मारून लपायला जागा कुठून मिळणार? शिवाय हिवाळ्यात बर्फ. १९३९च्या डिसेंबरात फिनलंड आणि सोव्हिएत संघाचं युद्ध चालू होतं. सोव्हिएत युद्धनौका फिनलंडच्या कोइविस्तो इथल्या किनारी तोफांवर मारा करत होत्या, तेव्हा वेसिक्कोला त्यांच्यावर पाठवलं होतं. ती पोचेपर्यंत नौका निघून गेल्या होत्या. मग समुद्र गोठला आणि त्या युद्धातलं तिचं काम तिथेच थांबलं.

तिची खरी कामगिरी ३ जुलै १९४१ची, सोव्हिएत संघाशी पुन्हा युद्ध पेटल्यावरची. कॅप्टन-लेफ्टनंट ओलावी आइत्तोला कमांडर होते. सुउर्सारी बेटाच्या पूर्वेला त्यांनी ‘वीबॉर्ग’ हे सुमारे ४,१०० टनांचं सोव्हिएत व्यापारी जहाज टॉर्पेडोने बुडवलं. आकडे बघा, जहाज बोटीच्या कितीतरी पट मोठं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. टॉर्पेडो सुटला की बोटीच्या नाकाचा तोल क्षणात बिघडतो. लगेच टाकीत पाणी घेऊन तो सावरला नाही तर नाक वर येतं आणि बोट शत्रूच्या डोळ्यांसमोर उघडी पडते. मोठ्या बोटीला हे जाणवतं, पण इतक्या हलक्या बोटीत हाताला घाम फुटतो. सोव्हिएत गस्तीनौकांनी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले, पण वेसिक्को निसटली.

त्यानंतर तिने एकही जहाज बुडवलं नाही. कुणी याला कमी लेखलं की मला राग येतो. पाणबुड्यांच्या मागावर फिरणं, स्वतःच्या जहाजांना सोबत करणं, १९४४च्या उन्हाळ्यात फिनलंडच्या फौजा पूर्वेकडच्या कारेलिया प्रांतातून माघार घेत होत्या तेव्हा पहारा देणं, ही कामं तिने केली. पहाऱ्याच्या कामात जहाज बुडाल्याची नोंद होत नसते. आपलं जहाज बंदरात पोचलं, एवढंच.

आता दुसरा प्रश्न. १९४४च्या सप्टेंबरात युद्धबंदी झाली आणि १९४७च्या पॅरिस तहाने फिनलंडला पाणबुड्या बाळगायला मनाई केली. त्यांच्याकडे पाच होत्या. त्यांतल्या ‘वेसिहीसी’ने तर १९४२च्या ऑक्टोबरात एस-७ ही सोव्हिएत पाणबुडी बुडवली होती. तीही भंगारात गेली, बाकीच्याही गेल्या. वेसिक्को तेवढी वाचली आणि ९ जुलै १९७३पासून संग्रहालय म्हणून खुली झाली. फिनलंडकडे आजही पाणबुडी नाही.

पुन्हा लेकीकडे जाल तेव्हा उन्हाळ्यातच जा, कारण ती हिवाळ्यात बंद असते. आणि विशाखापट्टणमला गेलात तर रामकृष्ण बीचवरची ‘कुरसुरा’ही बघा. ती आमच्याच जातीची. तिच्या पुढच्या खोलीत जाऊन नळ्या मोजा. सहा आहेत.