नोव्हेंबरात फिनलंडला येताय? थंडीआधी उजेडाचं बघा

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरच्या मध्याला इथल्या एस्पो शहरात नोकरीवर रुजू होताय, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी आहे, तर पहिला हिवाळा मनाला झेपेल का. मी निफाडची, इथे बरेच हिवाळे काढलेत. झेपेल, पण काही गोष्टी आल्या दिवसापासून करा.

थंडीची काळजी नको. जानेवारीत निफाडला पहाटे फरशीवर पाय टेकताना जी शिरशिरी येते, तीसुद्धा इथे घरात येत नाही. जाड जॅकेट, बूट तिकडून आणू नका. इथे चांगले मिळतात, मुलांचे वापरलेले तर स्वस्तात मिळतात. आत सुती नको, लोकरीचं घाला.

जपायचं ते अंधारापासून. डिसेंबरात इथे सूर्य सव्वानऊनंतर उगवतो, सव्वातीनच्या सुमारास मावळतो आणि मधला बराच वेळ ढगाआड असतो. त्यातही नोव्हेंबर सगळ्यात जड, कारण तेव्हा बर्फ टिकत नाही. नुसता पाऊस आणि ओलं काळं डांबर. बर्फ साचला की रस्त्यावरच्या दिव्यांनीही सगळं उजळतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांवरून या देशाबद्दल मत बनवू नका.

शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं. तो मिळाला नाही की कितीही झोपलं तरी झोप पुरत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, फोन उचलायचाही कंटाळा येतो. ऑफिसात अकरालाच जेवायला निघतात. जेवून अर्धा तास बाहेर चालून या, ढग असले तरीही. दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा इथे सहज मिळतो. सकाळी चहा घेताना अर्धा तास समोर ठेवायचा. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर हा मनाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या इथे सर्रास घेतात, तुम्हीही घ्या.

मला खरी काळजी वहिनींची वाटते. तुम्हाला ऑफिस आहे, माणसं आहेत. त्या दिवसभर घरात, बाहेर अंधार, आणि भारतातल्या माणसांशी बोलायला संध्याकाळी फोन करावा तर तिकडे झोपायची वेळ झालेली. मुलीला लवकर पाळणाघरात घाला. तिथे मुलांना बर्फातही रोज बाहेर खेळायला नेतात, आणि सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने वहिनीही घराबाहेर पडतात. वाचनालयांत फिनिश भाषा बोलायच्या सरावासाठी गप्पांचे गट असतात, फुकट. त्यांना नोकरीचीही मुभा असते, शोध लगेच सुरू करू द्या. आणखी एक: कंपनीची आरोग्यसेवा बहुधा फक्त तुमच्यापुरती असते, म्हणून घरच्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्र कुठलं ते आधीच बघून ठेवा. उदासी दोन आठवडे हटली नाही तर थांबू नका. सल्ल्यासाठी ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

आता मजेचं. इमारतीत सामाईक सौना असेल तर आठवड्याची पाळी लावून घ्याच. तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफ आधी कानांना चटका देते, मग खांदे सैल पडतात. तशाच ओल्या अंगाने मिनिटभर बाहेर उभं राहायचं. हातांवरून वाफ निघताना दिसते आणि थंडी मुळीच लागत नाही. त्या रात्री झोप फार छान लागते. मुलीला प्लास्टिकची घसरगाडी घ्या, जवळची कुठलीही टेकडी चालते. शाळांच्या मैदानांवर पाणी गोठवून स्केटिंगची सोय करतात. नूक्सिओचं जंगल एस्पोतच आहे, तिथे शेकोटीच्या जागा आहेत. थर्मासमध्ये चहा न्या, मक्याची कणसं मिळाली तर तीही न्या.

आकाशकंदील जरूर आणा आणि दिवाळी झाली म्हणून उतरवू नका. इथले लोकही डिसेंबरात खिडकीत कागदी तारे लावतात. कपड्यांना परावर्तक (उजेड पडला की चमकणारे तुकडे) मात्र पहिल्याच दिवशी लावा, अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसत नाही.

फेब्रुवारीत दिवस भराभर वाढतो. मार्चमध्ये बर्फावरचं ऊन इतकं लख्ख असतं की डोळे दिपतात, तेव्हा तिघांचेही गॉगल सामानात असू द्या.