शिबिरात व्हिनेगर लावून केलेली गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी भरवशाची असते का?

तुमचं वय ३४, आईचं ५३. गावात शिबिर आहे, पण ‘व्हिनेगरनं कुठं कॅन्सर कळतो का’ असं घरचे म्हणतात, म्हणून तुम्ही विचारलंय. मी सोलापूर जिल्ह्यात आरोग्य केंद्रात नर्स आहे, ही तपासणी स्वतः करते. तुम्ही नक्की जा. आईचं वेगळं आहे, ते पुढे सांगते.

पातळ ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचाच, बोळा पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. थोडं चुरचुरतं, बस. चांगला भाग गुलाबीच राहतो. पेशी बदलू लागल्या असतील तिथं चुन्याचं बोट टेकवल्यासारखा पांढरा डाग उठतो. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुष्कळदा नुसती सूज निघते, म्हणून पुढे दुर्बिणीतून बघतात, लागलं तर तुकडा काढून तपासतात.

टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या बाया होत्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आमच्या शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं टाटाबरोबर केलेल्या अभ्यासात मात्र १ लाख ३१ हजार बायकांचे गट पाडून तपासणी एकदाच झाली. तिथं व्हिनेगरनं मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं दिसला. त्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका दगावल्या, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणीशिवाय ठेवलेल्या त्या गटावरून पुढे टीकाही झाली, आणि मला ती पटते. त्या आमच्याच भागातल्या बायका होत्या.

म्हणून एकदा ‘काही नाही’ आलं की विषय संपला असं धरू नका. दोन-तीन वर्षांनी पुन्हा या. पाळीच्या दिवसांत तेवढं येऊ नका.

आईची पाळी गेली असेल तर बदल जिथं सुरू होतात तो भाग आत सरकलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी एचपीव्हीची चाचणी बरी. शिबिरात विचारा, तिथं नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जात असेल तर शिबिराची वाट न बघता उद्याच डॉक्टरकडे न्या.

‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ असं आईही म्हणेल. मागच्या शिबिरात एक ताई असंच म्हणत दारातून परत निघाल्या होत्या, जावेनं हाताला धरून बसवलं. डाग दिसला. कॅन्सरच्या आधीचीच पायरी होती, तेवढा भाग गोठवून टाकला आणि त्या दुपारच्या एसटीनं घरी गेल्या.