गाव सोडू की जिनिंग?

प्रश्न : धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) मी अकरा वर्षांपासून फिटर आहे. वय 51. पगार 19 हजार, त्यात मूळ पगार 15 हजार. पीएफ पहिल्यापासून कापतात. तीन वर्षांपासून हंगामात दम लागतो, छाती आवळून येते. एक्स-रे चांगला आला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. मागच्या मे महिन्यात रजा काढून नाशिकला मुलाकडे पंधरा दिवस राहिलो, एकदाही दम्याचा पंप (इनहेलर) लागला नाही. मुलगा म्हणतो, आता कायमचे या. इथे घर स्वतःचं आहे, दोन एकर कोरडवाहू आहे, धाकटीचं लग्न व्हायचं आहे. काय करावं?

उत्तर : तुम्ही नाशिकला गेलात ते मे महिन्यात, आणि मे महिन्यात जिन बंद असतात. बरं वाटलं ते नाशिकच्या हवेमुळे की रुईच्या धुळीतून सुटल्यामुळे, हे त्या पंधरा दिवसांवरून कळत नाही. गावातच ओसरीवर बसून राहिला असतात तरी कदाचित पंप लागला नसता. म्हणून राजीनाम्याचा कागद तूर्त बाजूला ठेवा.

आधी एक आठवून पाहा. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्रास थोडा कमी होतो, असं घडतं का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही जुनी ओळख आहे. सुरुवातीला धूळ थांबली की फुफ्फुस सावरतं. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर सावरत नाही. एक्स-रे चांगला आला यावर विसंबू नका, या आजारात आणि दम्यात तो बहुधा स्वच्छच दिसतो. तपासणी करायची ती स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणं, पंपाच्या आधी एकदा आणि पंप घेतल्यावर 15-20 मिनिटांनी पुन्हा. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या उरोरोग विभागात दाखवा आणि कोणत्या मशीनवर किती वर्षं काम केलं ते केसपेपरवर लिहून घ्या. हा कागद पुढे पैशाच्या कामी येतो.

त्यासोबत पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा वेग मोजणारी नळी, घ्या. उभं राहून पूर्ण श्वास भरा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि एका झटक्यात फुंका. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. दिवसातून चार वेळा : उठल्यावर, कामाच्या मध्यावर, सुटल्यावर, झोपताना. गाल फुगवून हळू फुंकलं की आकडा खोटा येतो. येत्या हंगामात, जिन पूर्ण चालू असताना, दोन आठवडे कामावरचे आकडे घ्या. मग शिल्लक रजा काढून दहा दिवस गावातच घरी राहा आणि पुढचे दहा दिवस नाशिकला. औषध तिन्ही वेळा तेच ठेवा. गावात घरी बसूनच आकडा वर चढला तर दोष जिनिंगचा आहे, गावाचा नाही. नाशिकलाच चढला तर मुलाचं म्हणणं खरं. पण तेव्हा तिथे थंडी असेल आणि पुष्कळांचा दमा थंडीत बळावतो, तेही कळून जाईल. आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला तर वही ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

घरही तपासा. वेचलेला कापूस भाव वाढेपर्यंत झोपायच्या खोलीत रचलेला असतो आणि चुलीत पऱ्हाट्या जळत असतात. मग रजेवरचं फुफ्फुससुद्धा धुळीतच राहतं. चाचणीच्या दिवसांत कापूस दुसऱ्या खोलीत हलवा, स्वयंपाक गॅसवर होऊ द्या.

दोष जिनिंगचा ठरला तर मालकाकडे काम बदलून मागा, तेही लेखी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह : वजनकाटा, स्टोअर, वीजखोली. रोलर घासणं आणि खाचा पाडणं मात्र पूर्ण सोडा, रोलरवरच्या क्रोम लेदरची (क्रोमने कमावलेल्या चामड्याची) ती धूळ वेगळीच वाईट. पाळी सुटल्यावर कॉम्प्रेसरच्या पाइपने अंगावरचे कपडे झटकायची सवय जवळपास सगळीकडे आहे. दिवसभर अंगावर साचलेली बारीक धूळ त्या एका मिनिटात नाकातोंडात जाते. ती आजच बंद करा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-95 मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून रोजचा पंप मधेच सोडणं ही आणखी एक नेहमीची चूक.

आता पैसा. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं गणित असं : पगार (जास्तीत जास्त 15 हजार) गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. आज सोडलं तर अकरा वर्षांचे सुमारे 2,357 रुपये महिना, तेही 58 व्या वर्षापासून. 58 पर्यंत राहिलात तर अठरा वर्षांचे सुमारे 3,857. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षी 4 टक्के कात्री लागते आणि ती कायमची असते. ती घेऊ नका. सोडावंच लागलं तर फॉर्म 10-सी भरून स्कीम सर्टिफिकेट (सेवेची वर्षं जमा ठेवणारा दाखला) घ्या आणि पेन्शन 58 पर्यंत थांबवा. आधार आणि पीएफमधली जन्मतारीख आत्ताच जुळवून घ्या, अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडकतात. ग्रॅच्युइटी 15 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11, म्हणजे सुमारे 95 हजार.

म्हणजे सात वर्षं टिकून पेन्शनमध्ये पडणारा फरक महिन्याला दीड हजार. खरा तोटा आहे तो चालू पगाराचा. म्हणून काम बदलून मिळत असेल तर राहा. मिळत नसेल आणि सहा महिन्यांनी केलेली स्पायरोमेट्री खाली गेलेली असेल, तर लग्नासाठीही थांबू नका. पण त्यासाठी नाशिकच गाठायला हवं असं नाही, धूळ नसलेलं काम जळगावातही शोधता येतं. आणि सोडण्याआधी आजाराचं निदान कागदावर आणा : बिसिनोसिस कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, त्यावर भरपाईचा दावा होतो. जिनिंग हंगामी कारखान्यात मोडतं, त्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) सहसा नसतो. हा दावाच तुमचा आधार.

प्रश्न : माझी आई शिरपूरकडच्या जिनिंगमध्ये चौदा हंगाम मशीनवर कापूस टाकते. आता दम लागतो म्हणून सुरतला माझ्याकडे आणायची आहे. मालक म्हणतात, हंगामी बाईला ग्रॅच्युइटी नसते.

उत्तर : असते. दर हंगामाला सात दिवसांची मजुरी. रोज 450 रुपये असेल तर 450 गुणिले 7 गुणिले 14, म्हणजे 44,100. अट एवढीच की कारखाना चालला त्यातले 75 टक्के दिवस त्या कामावर असाव्यात. हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या, निदान सोबतच्या बायांची नावं आधी जमवा. काम सोडल्यापासून 30 दिवसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएफ कापला जात असेल तर पेन्शनसाठी हंगामी कामगाराचा प्रत्येक हंगाम पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा त्या दहा वर्षांच्या अटीत बसतात का ते पासबुकवर पाहा. हे सगळं आई गावात असतानाच करा, सुरतेहून चकरा मारणं जड जाईल.