नास्तिक उमेदवार, पण 'नास्ति' नक्की काय?

तासगावहून प्रश्न आलाय की प्रचारात एका उमेदवाराला 'नास्तिक' म्हणून हिणवलं, तर नास्तिक म्हणजे देव न मानणारा एवढाच अर्थ का, आणि असा माणूस आमदारकीची शपथ तरी कशी घेणार.

देव न मानणारा हा आजचा अर्थ सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. पण दर इलेक्शनला हा शब्द शिवीसारखा ऐकून डोकं उठतं. तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवात रथाचा दोर धरलेला फोटो असला की आस्तिक, नसला की नास्तिक, आणि नास्तिक म्हणजे ह्याला कशाचीच चाड नाही!

खरी मजा संस्कृत व्याकरणकार पाणिनीकडं आहे, त्याचं एक सूत्र आहे. 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं ज्याचं मत तो नास्तिक. ह्यात देव कुठाय? सूत्रात तर नाहीच, आणि टीकाकारांनी 'आहे-नाही' जोडलं ते परलोकाला. मग मनुस्मृतीत येतं 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, त्याला लोक व्याख्या म्हणतात, मला ती अजिबात पटत नाही, तो सरळसरळ आरोप आहे. आणि तीच घेतली तरी जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे पंडित, आस्तिकांतच बसतात, कारण ते वेद मानतात!

पण त्याच सूत्रातला तिसरा शब्द कुणी वापरतच नाही, दैष्टिक. दिष्ट म्हणजे दैव, सगळं दैवावर सोडणारा तो दैष्टिक. हा शब्द प्रचारात यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कृष्णेला २०१९ सारखा पूर आला तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी बघून हा उमेदवार वेळेत माणसं हलवणार, का नशिबाला बोल लावून बसणार? मतदारानं हे विचारावं, देवळात जातो का ते त्याचं त्याच्यापाशी.

हां, शपथेचं राहिलं. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन पर्याय दिलेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो', दोन्हीचं वजन सारखंच. पुढचे शब्द दोघांनाही तेच, संविधानाबद्दल 'खरी श्रद्धा व निष्ठा'. म्हणजे श्रद्धा मागितलीये, पण ती संविधानावरची. तेव्हा तुमच्या त्या उमेदवाराला काही अडचण नाही, अर्ज भरताना घ्यायच्या शपथेतही नाही आणि निवडून आला तर सभागृहातही नाही.