लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर' म्हणत, मग इटालियनमधला 'फेगातो' कुठून आला?

अंजिरातून आला!

'फेगातो' निघाला तो 'फिकातुम'पासून, आणि 'फिकातुम'च्या पोटात आहे 'फिकुस', म्हणजे अंजीर. रोमन लोक हंसांना आणि डुकरांना अंजिरं चारून त्यांचं काळीज, म्हणजे यकृत, चांगलं मोठं, चरबीदार करत. पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो, की डुकरिणींना सुकी अंजिरं चारायची युक्ती अपिकियुस या खवय्याची. त्याआधी होरेसच्या काव्यातल्या मेजवानीतही अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं काळीज वाढलेलं आहे. या पदार्थाला म्हणत 'येकुर फिकातुम', अंजिरी काळीज. ग्रीकांकडे यालाच 'सिकोतोन' हा शब्द होता, तोही अंजिरावरूनच.

पुढे झालं ते आपण टपरीवर रोज करतो. "एक कटिंग द्या" म्हणतो, चहा शब्द उच्चारतच नाही. तसंच 'येकुर' गळलं, 'फिकातुम' उरलं, आणि हळूहळू कोणत्याही काळजाला, अगदी माणसाच्यासुद्धा, तेच नाव पडलं. फ्रेंच 'फ्वा', स्पॅनिश 'इगादो', पोर्तुगीज 'फिगादु', रुमानियन 'फिकात' ही सगळी याचीच भावंडं.

'क'चा 'ग' होणं इटालियनमध्ये बऱ्याच शब्दांत दिसतं: 'लाकुस'चा 'लागो' (तळं) झाला तसंच. मला जास्त मोह पडतो तो आघाताचा. लॅटिनमध्ये जोर 'का'वर होता, इटालियनमध्ये तो 'फे'वर सरकला. अभ्यासक यामागे बहुधा ग्रीक शब्दाचा प्रभाव मानतात. व्हेनिसच्या बोलीत मात्र शब्द 'फिगा' असा आहे आणि जोर अजून शेवटच्या 'गा'वरच आहे. तिथली कांदा घालून केलेली काळजाची भाजी प्रसिद्ध आहे. तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐका, जुना आघात कानाला लागतो.

आणि 'येकुर'? इटालियनमध्ये त्याचा वंश खुंटला, पण त्याचे चुलतभाऊ आपल्या घरात आहेत. संस्कृत 'यकृत्' आणि फारसीतून आलेलं 'जिगर' हे दोन्ही त्याच मूळ शब्दाचे. संस्कृतात षष्ठी 'यक्नः' होते, लॅटिनमध्ये 'येकिनोरिस'. दोन्हीकडे तो 'न' मध्येच उगवतो. एवढं जुनं नातं त्या एका अक्षरात टिकलंय, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती दोन रूपं शेजारी शेजारी लिहून बघत बसलो होतो.

जाता जाता: इटालियनमध्ये धाडसी माणसाला 'फेगातो' आहे असं म्हणतात, आपण जिगर आहे म्हणतो.