ब्लॅक गे लेखन वाचायला कुठून सुरुवात करायची
अरे मस्त, सुरू कर! फक्त एकदम जेम्स बाल्डविनपासून (सगळ्यात गाजलेला ब्लॅक गे लेखक) नको, सगळे तेच करतात आणि मग वाटतं त्याच्याआधी कोणी नव्हतंच. आधी हार्लेमच्या (न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) रिचर्ड ब्रूस न्यूजेंटची १९२६ ची कथा घे, छोटीये, वाक्यांमध्ये नुसती टिंबं टिंबं, हळू वाच.

मग थेट ८० च्या दशकात ये, एड्सच्या साथीच्या काळात. संपादक जोसेफ बीम १९८८ ला गेला तेव्हा त्याचं ब्लॅक गे लेखनाचं दुसरं संकलन अर्धवट होतं, ते त्याच्या आईने आणि कवी एसेक्स हेम्फिलने मिळून पूर्ण केलं, १९९१ ला आलं. हे कळल्यावर मला तर प्रत्येक पान वेगळंच वाटायला लागलं.

मार्लन रिग्जची ब्लॅक गे पुरुषांवरची १९८९ ची फिल्मपण बघ, हेम्फिल त्यात स्वतः कविता म्हणतो.

आणि सगळं एड्सचं दुःख म्हणून वाचू नकोस, प्रेम, मस्करी, नाच भरपूर आहे त्यात. थिअरी, म्हणजे यावरची अभ्यासकी पुस्तकं, नंतर.